परसदारी येणारे पाहुणे



एप्रिल उजाडला की आपल्याकडे फोन सुरू होतात. "मेथी टाकलीस का?", "कढीपत्त्याची कुंडी बाहेर काढलीस का?", "अळूचा एखादा कंद जास्तीचा आहे का गं?" बागेबद्दलची आपली सगळी बोलणी शेवटी खाण्यापिण्यावरच येतात. आज मीही खाण्याबद्दलच लिहिणार आहे, फक्त आपल्या नव्हे. बागेत येणाऱ्या पक्ष्यांच्या, फुलपाखरांच्या आणि मधमाश्यांच्या.

सुरुवात करते शेपूपासून. न्यू जर्सीतल्या आमच्या घरामागे लहानशी जागा आहे. २०१५ च्या उन्हाळ्यात तिथे मी हौसेने शेपूच्या दोन ओळी लावल्या. एके सकाळी भाजीसाठी तोडायला गेले, तर नुसत्या काड्या उरलेल्या! वाकून पाहिले तर काड्यांवर हिरवेगार, अंगावर काळे पट्टे आणि पट्ट्यांवर पिवळे ठिपके असलेले गुबगुबीत सुरवंट बसले होते. एकाला काटकीने डिवचले, तर त्याने डोक्यातून दोन नारिंगी शिंगे बाहेर काढली आणि भलताच उग्र वास सोडला. मी साबणाच्या पाण्याची बादली आणली आणि एकेक करून सतरा सुरवंट त्यात टाकले. केवढी मोठी लढाई जिंकल्यासारखे वाटले होते!

पुढच्या वर्षी पुन्हा तेच. या वेळी मी फोटो काढला आणि रटगर्स विद्यापीठाच्या विस्तार केंद्राचे काउंटीतले ऑफिस गाठले. तिथे 'मास्टर गार्डनर' स्वयंसेवक बागेचे प्रश्न सोडवून देतात. "यावर कुठले औषध मारू?" असे मी विचारले. तिथल्या बाई फोटो पाहून हसल्या. म्हणाल्या, "अहो, हे ब्लॅक स्वॉलोटेल. आपल्या राज्याचे फुलपाखरू आहे हे!" खरोखरच, २०१६ च्या जानेवारीत न्यू जर्सीने त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला होता. आणि मी आदल्याच वर्षी अशी सतरा फुलपाखरे बादलीत बुडवली होती. घरी येताना गाडीत फार ओशाळल्यासारखे झाले.

त्या दिवशी एक साधी गोष्ट डोक्यात शिरली, तीच आज सांगायची आहे. फुलपाखरे हवीत आणि सुरवंट नकोत, असे होत नाही. पक्षी हवेत आणि किडे नकोत, असेही होत नाही. बागेत पाहुणे यायला हवे असतील तर बागेतली काही पाने खाल्ली गेलीच पाहिजेत.

हे करायचे कशासाठी?

२०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९७० पासूनच्या जवळजवळ पन्नास वर्षांत अमेरिका आणि कॅनडा मिळून सुमारे २९० कोटी पक्षी कमी झाले, असे त्यात दिसून आले. म्हणजे तेव्हा दहा पक्षी असतील तर आता सातच उरले. यात केवळ दुर्मिळ पक्षी नाहीत. रोज दिसणारे, ज्यांची कुणी फारशी काळजी करत नाही, असे पक्षीही भरपूर आहेत. मोनार्क फुलपाखरांचेही तेच. त्यांची संख्या इतकी घटली की २०२४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या मासे व वन्यजीव सेवेने त्यांना 'धोक्यातली' प्रजाती म्हणून कायद्याचे संरक्षण द्यावे असा प्रस्ताव मांडला.

कारणे अनेक आहेत, पण आपल्या हातातले एक कारण खिडकीतून रोज दिसते. ते म्हणजे लॉन! या देशात लॉनखाली अंदाजे चार कोटी एकर जमीन आहे. आपल्याला ते हिरवेगार दिसते, पण सुरवंटाच्या किंवा चिकडी पक्ष्याच्या नजरेने पाहिले तर तो नुसता गालिचा. तिथे खायला जवळजवळ काही नाही, लपायला तर नाहीच. लॉन सगळे उपटून टाका असे मी म्हणत नाही. मुलांना क्रिकेट खेळायला, उन्हाळ्यात चार माणसे जेवायला बसवायला ते हवेच. पण ज्या कोपऱ्यात आपण वर्षभर फक्त मशीन फिरवायला जातो, तो कोपरा तरी सोडून देता येतो.

पिल्लांचे जेवण

बहुतेकांना वाटते, पक्षी म्हणजे दाणे. फीडर टांगला की झाले. पण दाणे ही मोठ्या पक्ष्यांची सोय. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला दाणा गिळताही येत नाही आणि पचतही नाही. त्याला मऊ, भरपूर प्रथिने असलेले अन्न लागते आणि सुरवंटाइतके सोयीचे दुसरे काही नाही. डेलावेअर विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ डग्लस टॅलमी यांनी दिलेला हिशोब असा आहे, की चिकडीच्या एका जोडीला पिल्लांची एक वीण घरट्याबाहेर पडेपर्यंत वाढवायला सहा ते नऊ हजार सुरवंट लागतात. पक्षी केवढा, तर मुठीत मावेल एवढा! आणि हे सगळे त्याला घरट्याच्या आसपासच मिळवावे लागते.

हे सुरवंट येतात कुठून? झाडांवरून, पण कुठल्याही झाडावरून नव्हे. झाडे आपला बचाव करण्यासाठी पानांत कडू, विषारी रसायने भरून ठेवतात. हजारो वर्षे एकाच झाडाबरोबर राहून एखाद्या जातीच्या सुरवंटाला ते विशिष्ट विष पचवता येऊ लागते. त्यामुळे बहुतेक सुरवंटांचे जेवण ठरावीक झाडांशी बांधलेले असते. चीन-जपानहून शोभेसाठी आणलेले झाड इथल्या सुरवंटांना खाताच येत नाही.

मोनार्कचे उदाहरण तर आपल्याला लगेच समजेल, कारण ते आपल्या ओळखीचे आहे. त्याचा सुरवंट फक्त मिल्कवीडचीच पाने खातो. मिल्कवीड म्हणजे आपल्या रुईचे भाऊबंद. शनिवारी मारुतीला ज्या रुईच्या पानांची माळ घालतो, तीच रुई. पान तोडले की तसाच पांढरा चीक. देशात रुईवर जी नारिंगी-काळी फुलपाखरे अंडी घालतात, ती मोनार्कचीच जातभाई. दोघेही चिकातले विष अंगात साठवतात, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला सहसा जात नाहीत. लहानपणी "चीक डोळ्यात जाऊ देऊ नकोस" अशी ताकीद मिळायची ना, तीच इथे आपल्या मुलांनाही द्या.

आता झाडांची तुलना पाहा. टॅलमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्व किनाऱ्याच्या आपल्या भागातल्या झाडांच्या याद्या केल्या. एकट्या ओकवर पाचशेहून अधिक जातींच्या फुलपाखरांचे आणि पतंगांचे सुरवंट जगतात. चीनहून आलेल्या गिंकोवर मात्र मोजून हाताच्या बोटांवर येतील इतके. आपल्या सबडिव्हिजनमध्ये रस्त्याच्या कडेला एप्रिलमध्ये पांढऱ्या फुलांनी भरून जाणारे ब्रॅडफर्ड पेअर दिसते, तेही असेच पाहुण्यांना उपाशी ठेवणारे. शिवाय ते रानात पसरून इथल्या झाडांची जागा बळकावते, म्हणून शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने २०२४ पासून त्याची विक्रीच बंद केली.

काय लावावे?

मी बागतज्ज्ञ नाही. आमच्या मातीत जे टिकले आणि ज्यावर पाहुणे आलेले मी स्वतः पाहिले, तेवढेच सांगते.

मोठी जागा असेल तर एक ओक. न्यू जर्सीचे राज्य वृक्षही रेड ओकच आहे. रोप लहान असतानाच लावा, मुळे चांगली धरतात. "मोठे कधी होणार?" असे विचारू नका, सुरवंट पहिल्या-दुसऱ्या वर्षापासूनच येतात.

मध्यम जागेसाठी सर्व्हिसबेरी. एप्रिलमध्ये पांढरी फुले, जूनमध्ये ब्लूबेरीसारखी जांभळी फळे. आपल्यालाही खाता येतात, पण पक्ष्यांच्या आधी हात लागला तर! स्पाइसबुशच्या पानांवर त्याच्याच नावाचे फुलपाखरू वाढते आणि त्याची लाल, तेलकट फळे शरद ऋतूत दक्षिणेकडे निघालेल्या पक्ष्यांच्या शिदोरीला लागतात. आणि सीताफळाची आठवण येत असेल तर पॉपॉ लावा. ते सीताफळाच्याच कुळातले आहे आणि हरणे त्याला तोंड लावत नाहीत. मात्र फळ हवे असेल तर दोन वेगवेगळी रोपे लागतात.

फुलझाडांत पहिला मान मिल्कवीडचा. कोरड्या, उन्हाच्या जागी नारिंगी फुलांचे बटरफ्लाय वीड लावा, ओलसर जागी गुलाबी स्वॅम्प मिल्कवीड. साधे कॉमन मिल्कवीड मुळांनी पसरते, तेव्हा ते कोपऱ्यात. आपल्याकडे बागेत 'हळदीकुंकू' म्हणून लाल-पिवळ्या फुलांचे झाड असते ना, तेही मिल्कवीडच, पण ते उष्ण प्रदेशातले. इथल्या थंडीत मरते. इथले असेल तेच लावलेले बरे.

त्याबरोबर बी बाम, कोनफ्लॉवर, ब्लॅक-आइड सुझन, माउंटन मिंट ही उन्हाळ्यासाठी आणि गोल्डनरॉड व ॲस्टर ही सप्टेंबर-ऑक्टोबरसाठी. गोल्डनरॉडने शिंका येतात हा गैरसमज आहे. त्याचे पराग जड असतात, ते वाऱ्यावर उडत नाहीत. शिंका येतात त्याच वेळी फुलणाऱ्या रॅगवीडमुळे. मेक्सिकोला निघालेल्या मोनार्कना वाटेत हीच शेवटची फुले उपयोगी पडतात. सप्टेंबरच्या अखेरीस केप मेला गेलात तर समुद्रकाठच्या गोल्डनरॉडवर त्यांची गर्दी दिसेल. तिथून ती मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरांपर्यंत जातात. तिथे गेलेली फुलपाखरे परत इथवर येत नाहीत. परत येतात ती त्यांची नातवंडे-पतवंडे.

आपली तुळस इथली नाही, पण तिच्या मंजिऱ्या मधमाश्यांना फार आवडतात. सगळ्या मंजिऱ्या खुडू नका, काही राहू द्या. आणि शेपू, बडीशेप, पार्सली यांची एक ओळ स्वतःसाठी लावाल तर दुसरी ब्लॅक स्वॉलोटेलसाठी. माझ्याकडे आता हाच करार आहे. घरच्या ओळीवर सुरवंट दिसला की त्याला अलगद उचलून पलीकडच्या ओळीवर ठेवते. त्याची शिंगे आणि वास यांची आता सवय झाली आहे!

रोपे घेताना नर्सरीत एक प्रश्न जरूर विचारा, "यावर निओनिकोटिनॉइड औषध मारले आहे का?" हे औषध झाडाच्या पानांत, परागांत, मधात उतरते. न्यू जर्सीने २०२२ साली कायदा करून घरगुती बागांतला त्याचा बहुतेक वापर थांबवला आहे, पण रोप बाहेरून आलेले असू शकते.

पाणी, पालापाचोळा आणि घर

पाण्यासाठी महागडे कारंजे नको. कुंडीखालची मोठी बशी चालते. खोली दोन इंचांहून जास्त नको आणि मध्ये एक-दोन खडबडीत दगड ठेवा. दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचे, म्हणजे डासांची अंडी वाढत नाहीत.

दुसरी गोष्ट आपल्या स्वच्छतेच्या सवयीला पटणारी नाही. शरद ऋतूत पाने झाडून, पोती भरून रस्त्यावर ठेवू नका. निदान सगळी तरी नको. अनेक पतंगांचे कोश त्या पाचोळ्यात हिवाळा काढतात. काजव्यांच्या अळ्या ओलसर मातीत आणि पाचोळ्यात वर्ष-दोन वर्षे राहतात. कोकणात मे अखेरीस झाडे काजव्यांनी लखलखतात ती आपण विसरलेलो नाही. इथेही जून-जुलैत काजवे असतात, पण पाचोळा उचलून, फवारा मारून आणि रात्रभर अंगणातले दिवे लावून आपण त्यांना घालवतो. मी पाने झाडांच्या बुंध्याशी ओढून ठेवते. वाळलेले दांडे वसंतापर्यंत कापत नाही, कारण काही रानमाश्या पोकळ दांड्यांत घर करतात आणि ब्लॅक स्वॉलोटेलचा कोशही अशाच एखाद्या काडीला चिकटून हिवाळा काढतो.

आता चिमणीची गोष्ट. निळ्या ब्लूबर्डसाठी मी दीड इंच भोकाची लाकडी पेटी लावली. पहिल्याच वसंतात त्यात आपली चिऊताई घुसली! तीच, घराच्या वळचणीला असायची ती. मला आनंदाने भरून आले. देशात शहरांतून चिमण्या कमी झाल्याची चिंता आहे. नाशिकच्या महंमद दिलावर यांच्या संस्थेने पुढाकार घेऊन २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिनही सुरू केला. पण इथे गोष्ट उलटी आहे. ही चिमणी इथली नव्हे. १८५१-५२ च्या सुमारास इंग्लंडहून आणून ती ब्रुकलिनमध्ये सोडली गेली आणि देशभर पसरली. पेटीसाठी ती ब्लूबर्डशी भांडते, त्याची अंडी फोडते, पिल्लांनाही मारते. म्हणून इतर देशी पक्ष्यांना १९१८ च्या कायद्याने जे संरक्षण आहे ते चिमणीला नाही. तिचे घरटे काढून टाकायला इथे मनाई नाही, उलट जाणकार तसा सल्लाच देतात.

मला काही ते जमले नाही. दोन दिवस पेटीपाशी जाऊन परत आले. शेवटी त्या वर्षी चिमणीला राहू दिले आणि हिवाळ्यात ती पेटीच उतरवली. तिच्या जागी एक इंच एक सूत भोकाच्या दोन पेट्या लावल्या. त्या भोकातून चिकडी आणि रेन जातात, चिमणीला जाता येत नाही. ब्लूबर्ड आमच्याकडे येत नाही तो नाहीच. पण गेली तीन वर्षे चिकडीची पिल्ले होतात आणि आईबाप दिवसभर तोंडात सुरवंट घेऊन ये-जा करतात. ते पाहताना सहा हजारांचा आकडा खरा वाटतो.

फीडरची शिस्त

फीडर जरूर टांगा, पण त्यात काय घालायचे ते पाहून. काळी सूर्यफुलाची बी बहुतेकांना चालते. पिवळ्या गोल्डफिंचला 'नायजर' आवडते. हे पाकीट पहिल्यांदा उघडले तेव्हा मी चकित झाले, कारण ते म्हणजे आपले कारळे! ज्याची चटणी करतो तेच. इथे ते इथिओपिया आणि भारतातून येते, रुजू नये म्हणून उष्णता देऊन. गोल्डफिंच हा न्यू जर्सीचा राज्य पक्षी. तेव्हा आपल्या राज्याचा पक्षी हिवाळ्यात कारळे खातो, हे पुण्याला फोनवर आवर्जून सांगा. (फीडरचे कारळे मात्र चटणीला वापरू नका!) आणि हा पक्का शाकाहारी बरे का, पिल्लांनाही बियाच भरवणाऱ्या थोड्या पक्ष्यांपैकी एक.

हमिंगबर्ड एप्रिलच्या अखेरीस येतो. जेमतेम तीन ग्रॅम वजन! आपल्याकडचा शिंजीर दिसायला त्याच्यासारखा, पण दोघांचे नाते नाही. त्याच्यासाठी एक वाटी साधी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. गूळ नको, मध नको, लाल रंग तर अजिबात नको. उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी बदलायचे. त्याहून बरे म्हणजे लाल कार्डिनल फ्लॉवर किंवा कोरल हनीसकल लावायचे. तोही फक्त साखरेवर जगत नाही, बारीक किडे आणि कोळी खातो आणि कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी घरटे विणतो.

आणि एक आपल्या घरातली गोष्ट. पितृपंधरवड्यात किंवा एरवीही उरलेली पोळी, भात "कुणीतरी खाईल" म्हणून मागे ठेवायची आपली रीत. भावना चांगली आहे, पण इथे रात्री ते खायला येतात उंदीर, रॅकून आणि स्कंक. आमच्या सासूबाईंना हे समजावताना जड गेले. मग आम्ही तोडगा काढला. घास पानावर ठेवायचा, कावळा आला तर ठीक, नाहीतर संध्याकाळच्या आत उचलायचा.

फीडर दोन आठवड्यांनी धुवा. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, मग नीट वाळवायचा. नाहीतर पक्ष्यांना डोळ्यांचे आजार होतात. आणि राज्याच्या उत्तर-पश्चिमेला राहणाऱ्यांनी वसंतापासून हिवाळ्यापर्यंत फीडर काढून ठेवावेत, अस्वले येतात!

न बोलावलेले पाहुणे

"हे सगळे करायचे आणि टिक चावून लाइम झाला तर?" हा प्रश्न मला हमखास विचारतात आणि तो बरोबर आहे. म्हणून पाचोळा आणि उंच झाडे मागच्या कडेला ठेवा, मुले खेळतात तिथे गवत कापलेले हवे. दोन्हींच्या मध्ये तीन फूट रुंदीचा लाकडाच्या तुकड्यांचा पट्टा टाका. संध्याकाळी मुलांचे पाय, काखा, केस तपासा. आणि बागेत जपानी बारबेरीचे काटेरी झुडूप असेल तर आधी ते काढा. त्याच्या दाट सावलीत टिक जास्त वाढतात असे आढळले आहे.

डासांसाठी महिन्याला फवारा मारणाऱ्यांशी करार करू नका. तो फवारा डास ओळखत नाही, मधमाश्या आणि सुरवंटही मरतात. साचलेले पाणी शोधून ओता, निम्मे काम होते. हरणांपासून लहान रोपांना जाळी लावा. मिल्कवीड, बी बाम, माउंटन मिंट यांना ती सहसा तोंड लावत नाहीत.

प्रत्येक किड्याला जीवदान द्या असेही नाही. ठिपक्यांची लँटर्नफ्लाय ही आशियातून आलेली कीड २०१४ साली पेनसिल्व्हेनियात आणि २०१८ साली न्यू जर्सीत सापडली. ती दिसली की खुशाल चिरडा.

उलट दोन संकटे आपल्याच घरातली. एक मांजर, दुसरी काच. अमेरिकेत मोकळ्या मांजरांमुळे दरवर्षी किमान १३० कोटी पक्षी मरतात आणि काचांवर आपटून किमान ३६ कोटी, असे अंदाज प्रसिद्ध झाले आहेत. मांजर घरातच ठेवा. मोठ्या काचेवर बाहेरून दोन-दोन इंचांवर ठिपके चिकटवा. एखादा स्टिकर लावून काही होत नाही. फीडर खिडकीपासून तीन फुटांच्या आत किंवा मग तीस फुटांच्या बाहेर ठेवा.

लोक काय म्हणतील?

तिसऱ्या वर्षी आम्हाला पत्र आले, "मागील बाजूस तण वाढले आहे, दोन आठवड्यांत कापा." ज्याला तण म्हटले होते तो मिल्कवीड होता आणि त्यावर त्या दिवशी मोनार्कचे अकरा सुरवंट होते. रागाने उत्तर लिहायला बसले होते, पण नवऱ्याने थांबवले, ते बरे झाले. आम्ही कडेने दोन फूट पट्टा स्वच्छ कापला, दगडांची ओळ लावली, प्रत्येक रोपाच्या नावाची पाटी लावली आणि झाडांची यादी फोटोंसह पाठवली. 'नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशन' १९७३ पासून अशा बागांना प्रमाणपत्र देते. अन्न, पाणी, आसरा आणि पिल्ले वाढवायला जागा या चार गोष्टी असाव्यात आणि बाग निसर्गाला न दुखावता राखलेली असावी, एवढीच अट. ती पाटीही कुंपणावर लावली. पुन्हा पत्र आले नाही. शेजारच्या आजीच आता त्यांच्या नातवंडांना सुरवंट दाखवायला घेऊन येतात.

मेरीलँडमध्ये असाच वाद पुढे कोर्टात गेला आणि २०२१ साली तिथे कायदाच झाला, की सोसायट्यांनी अशा बागांवर सरसकट बंदी घालता येणार नाही. सगळीकडे तसे नाही. म्हणून आधी आपल्या टाऊनशिपचे गवताच्या उंचीचे नियम वाचा, मग खुरपे उचला.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी

बाल्कनीत ऊन येत असेल तर एका कुंडीत शेपू, एकीत तुळस, एकीत बटरफ्लाय वीड. एवढ्यावरही फुलपाखरू येते. चौथ्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे आलेले मी पाहिले आहे.

आणि दर फेब्रुवारीत 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असतो, चार दिवसांचा. कुठेही पंधरा मिनिटे बसून दिसलेले पक्षी मोजायचे आणि नोंदवायचे. १९९८ साली इथे सुरू झालेली ही गणना २०१३ पासून भारतातही होते. आमची मुले इथून आणि त्यांचे आजोबा पुण्याच्या गच्चीवरून एकाच दिवशी मोजतात, मग रात्री फोनवर कुणाचे जास्त झाले यावरून भांडतात!

सुरुवात लहान करा. या वर्षी सहा बाय सहा फुटांचा कोपरा, मिल्कवीडची तीन रोपे, एक ॲस्टर, एक बशी पाणी आणि शेपूच्या दोन ओळी. जुलैत पानांना भोके दिसली तर औषध आणायला धावू नका. आधी पान उलटून पाहा आणि कोण आले आहे ते मला नक्की कळवा.